दोनशे सोळा चौकोन

आमच्या ड्रॉइंगमास्तरांची छत्री पावसात कधी उघडली नाही. तिच्या आतल्या बाजूला त्यांनी आभाळ रंगवलं होतं, चांदण्यांसकट, आणि पाणी झिरपून ते बिघडेल म्हणून हे गृहस्थ धो धो पावसात मिटलेली छत्री कोटाच्या आत धरून शाळेत यायचे. अंगावरून पागोळ्या गळतायत आणि छत्री कोरडी ठणठणीत. वर्गात शिरले की मात्र ती उघडायची आणि तिच्याखाली बसून हजेरी घ्यायची. मी त्याच शाळेत गणित शिकवत होतो. छत्री कशासाठी असते, हे मी त्यांना पहिल्याच पावसाळ्यात मुद्देसूद समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "खरं आहे, गणितराव," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलेचिंब होऊन आले.

ही रेवदंड्याची गोष्ट. शाळेच्या मागे नारळी-पोफळीच्या वाडीत एक घर होतं, त्यातली एक खोली त्यांची आणि एक माझी. पडवी दोघांत एक. माझी बायको जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यांची होती, पण श्रीवर्धनला, माहेरी. एका शिमग्याला म्हणून गेली ती परत आलीच नाही. गावात म्हणत, सरसाच्या वासाला कंटाळून गेली. रंग कापडाला धरावा म्हणून मास्तर त्यात सरस घालायचे, जनावरांच्या कातड्याचा. तो शिजायला लागला की मीसुद्धा पडवीतून उठून विहिरीच्या काठावर जाऊन बसत असे. मास्तरांना कुणी बायकोचं विचारलं तर ते म्हणायचे, "बोट चुकली असेल." अकरा वर्षं ते हेच उत्तर देत होते, आणि तोंडावरची रेषसुद्धा हलत नसे. आगबोटीचा भोंगा झाला की मात्र हातातलं काम टाकून धक्क्यावर जायचे. उतारू उतरले, त्यांना बोटीवरून आणणारे पडाव रिकामे झाले, की परत यायचे आणि हात धुऊन पुन्हा कामाला बसायचे. कुणाला आणायला गेला होतात, असं मी त्यांना एकदाही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे आता कळतं.

या माणसाला काय येत नव्हतं, ते सांगणं सोपं. पैसे मागता येत नव्हते. बाकी सगळं येत होतं. श्रावणात गणपती करायचे. मोहरम आला की चौलच्या दाऊदभाईंबरोबर बसून ताबुताचे कागदी मनोरे कातरायचे, अभ्रकाच्या चकत्या लावायचे. नारळी पौर्णिमेच्या आधी कोळीवाड्यात जाऊन होड्यांच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, मोर आणि मासे काढायचे. शिमग्याची सोंगं त्यांची, त्या सोंगांची गाणी त्यांची, आणि गाण्याला पेटीही तेच वाजवायचे. पण हिशेब बघा. गणपती पाण्यात. ताबूत पाण्यात. सोंगं होळीत. होडीवरचा मोर एका हंगामात खाऱ्या पाण्याने खाल्लेला. मी एकदा त्यांना स्पष्टच म्हटलं, की मास्तर, तुमची बेरीज दरवर्षी शून्य येते, टिकेल असं काही करा की. ते हसले आणि ब्रश चाटून त्याचं टोक करत बसले. ही त्यांची आणखी एक घाणेरडी सवय. त्यामुळे जीभ कधी हिरवी, कधी लाल असायची.

परीक्षेत ते सगळ्या पोरांना पस्तीस मार्क द्यायचे. हेडमास्तरांनी बोलावून झाडलं. मास्तर म्हणाले, पस्तिसाचं झाड आणि छत्तिसाचं झाड यांत फरक काय, तो गणितरावांनी मला दाखवावा, मी लगेच मार्क बदलतो. मला त्यात ओढायचं काही कारण नव्हतं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, देव जाणे, कारण आठही दिवस ते माझ्याशी बोलतच होते.

आणि ते "लांबून बघा". चित्र दाखवायचं झालं की माणसाला समोर उभं करायचं आणि म्हणायचं, जरा लांबून बघा. माणूस दोन पावलं मागे जाई. अजून लांबून. करता करता तो पडवीच्या पायऱ्या उतरे, तुळस ओलांडे, आणि शेवटी कुंपणाच्या बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राही. तिथून मास्तर विचारणार, कसं झालंय? आता तिथून काय दिसणार, कपाळ? बहुतेक लोक "छान, छान" असं ओरडून तिथूनच घरी जायचे.

मी तसं कधी केलं नाही. मी जवळूनच बघत असे आणि चूक काढत असे. माझी ती खोडच आहे. गणिताच्या वहीत बरोबर उत्तरावर मी खूण करतो आणि पुढे जातो. बरोबर आलं म्हणून काय आरती ओवाळायची? चूक असेल तिथे थांबायचं. मास्तरांच्या चित्रांतही मी तेवढंच केलं. बैलाचं शिंग लांब झालंय, शिडाची सावली उलट पडलीय, अमक्याला हाताची बोटं सहा आहेत. ते मुकाट्याने दुरुस्त करायचे आणि पुन्हा बोलवायचे, आता बघा. काही चूक राहिलेली नसली की मी म्हणायचो, ठीक आहे. एवढं बोलून मी माझ्या खोलीत जायचो.

पडद्याचं सांगायला हवं. गावातल्या हौशी मंडळींनी जत्रेसाठी कृष्णाचं नाटक बसवलं आणि मास्तरांना द्वारकेचा पडदा सांगितला. मांजरपाटाच्या पट्ट्या शिवून अठरा फूट लांब आणि बारा फूट उंच कापड झालं. मास्तरांनी आधी कागदावर दीड फूट बाय एक फूट चित्र काढलं होतं. ते तसंच्या तसं कापडावर मोठं करायचं तर दोन्हीकडे सारखे चौकोन आखावे लागतात. ते काम त्यांनी मला सांगितलं. गणिताचं काम म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणतोय? कागदावर इंचाइंचाचे, कापडावर फुटाफुटाचे, दोनशे सोळा चौकोन मी दोन दिवस गुडघ्यांवर बसून आखले. पुसून जाऊ नयेत म्हणून निकालपत्रकं भरायची कॉपिंग पेन्सिल घेतली. ती ओली झाली की जांभळी उमटते. व्हायचं तेच झालं. रंगाचा पहिला हात बसला आणि द्वारकेच्या आभाळातून माझ्या जांभळ्या रेघा वर आल्या. मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी सफेद्याचा जाड हात मारून त्या बुजवल्या.

तीन महिने रोज संध्याकाळी तो पडदा पडवीत टांगलेला असायचा. त्यावर जे आलं ती द्वारका नव्हतीच. आमचाच धक्का होता, हिवाळ्यातली सकाळ, पलीकडे कोर्लईचा डोंगर धुक्यात निम्मा बुडालेला, आणि बोटीची वाट बघत बसलेली माणसं. मंडळी चिडली. कृष्ण रेवदंड्याच्या धक्क्यावर काय करतोय? मास्तर म्हणाले, द्वारकेलाही बंदर होतंच की. वेळ नव्हता म्हणून तोच लावला. पडदा वर गेला आणि प्रेक्षकांत कल्लोळ झाला. जो तो पुढे घुसून स्वतःला शोधू लागला, हा मी, ती तुझी आत्या. कृष्णाचं एक वाक्य कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मंडळींनी पडद्याची वळकटी करून आमच्या पडवीत आणून टाकली.

तो रंगवून पुरा झाला त्या संध्याकाळी मास्तरांनी मला बोलावलं होतं. मी नेहमीप्रमाणे तपासलं. माणसं दहा होती आणि जमिनीवर सावल्या अकरा. मी म्हटलं, मास्तर, एक सावली जास्त आहे. ते म्हणाले, "माणूस अजून उतरायचंय." त्यांनी आयुष्यात माझी दुरुस्ती ऐकली नाही ती तेवढीच. मला काय ते समजलं, आणि समजलं म्हणूनच मी जास्त बोललो नाही. ठीक आहे म्हटलं आणि दिवा लावायला आत गेलो.

त्यानंतर सात वर्षांनी, श्रावणात, त्यांना ताप धरला. त्या साली त्यांच्या हातून गणपती झाले नाहीत. मी त्यांच्या खोलीत जाऊन बसत असे, पेज भरवत असे. एका दुपारी तोंड भिंतीकडे करून पडले होते. मला वाटलं झोपलेत. तर भिंतीकडेच बघत म्हणाले, "गणितराव, माझं एक तरी काही भिंतीवर लागायला हवं होतं." आयुष्यभर ज्या माणसाला मी कशाचीच फिकीर नसलेला समजत होतो, त्याच्या पोटात हे होतं. मी म्हटलं, लागेल. कसं, कुठे, ते मला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते गेले. श्रीवर्धनला मी पत्र घातलं, पण पावसाळ्यामुळे बोटी बंद होत्या आणि पत्राचं उत्तरही आलं नाही. अग्नी मी दिला.

शब्द दिला होता. मी काशिनाथला लिहिलं. हा मास्तरांचा विद्यार्थी, पस्तीस मार्कांतलाच, मुंबईत आर्ट स्कूल करून आता तिथे तसबिरी रंगवतो. पेणच्या सदूला कळवलं. तो गणपती करतो आणि मूर्तीचे डोळे लिहायला मास्तरांकडेच शिकला. चौलला दाऊदभाईंकडे स्वतः चालत गेलो. तिघांनीही एका शब्दात होकार दिला. ठरलं असं की दसऱ्याच्या सुटीत शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडायचं. प्रत्येकाने मास्तरांसाठी म्हणून आपलं एक काम आणायचं, आणि मधली मोठी भिंत मोकळी ठेवायची. तिथे मास्तरांचा पडदा लागेल. छत्री त्यांच्याबरोबर चितेवर गेली होती, कागदावरचं चित्र वाळवीने केव्हाच खाल्लं होतं; दुसरं त्यांचं काही जगात शिल्लकच नव्हतं. काशिनाथने पत्रात मला लिहिलं, पडदा उघडून झाडून ठेवा.

झाडून ठेवा, एवढंच लिहिलं होतं. पण अर्धवट काम मला कधी जमलं नाही. नवरात्राच्या आधी आमच्याकडे सगळं घर काढतात. पावसाळ्यात जे जे कुबट झालेलं असेल ते धुऊन उन्हात घालायचं. गोधड्या, पासोड्या, घोंगड्या, काही सोडायचं नाही. पडद्याची वळकटी सोडली तर बुरशीचा वास आला, कडेला काळे डाग. मी म्हटलं, मास्तरांचं भिंतीवर लागणार ते स्वच्छ लागलं पाहिजे. वाडीत रहाटाच्या पाण्याचं दगडी टाकं आहे. त्यात रिठे कुस्करले, पडदा बुडवला, वर दगड ठेवला आणि शाळेत गेलो. जत्रेत बैलगाडीतून फिरलेला पडदा, त्याला पाण्याचं काय होणार आहे, असाच माझा समज. ज्या माणसाने तीन महिने त्या सरसाच्या वासाने नाक मुरडलं, त्याला हे सुचू नये? सरस कढत पाण्यात विरघळवतात हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि या सात पावसाळ्यांनी तो आधीच कुजत आलेला.

दुपारी आलो तर टाक्यातलं पाणी मातकट निळं झालेलं. पन्हळीतून ते पोफळींच्या आळ्यात चाललं होतं.

मी पडदा उपसला, दोन माडांमध्ये दोरी बांधून टाकला. काही नव्हतं त्याच्यावर. कुठे गेरूचा एक फिकट पट्टा, कुठे निळीचा डाग. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, ठळक जांभळ्या, सरळ, एकही न चुकलेल्या माझ्या रेघा. त्यांचं सगळं गेलं आणि माझे चौकोन तेवढे राहिले. मी खाली आळ्यात बसलो आणि रडलो. बायको गेली तेव्हासुद्धा मी इतका रडलो नव्हतो.

तिघेजण अष्टमीला आले. काशिनाथने मास्तरांची तसबीर आणली होती, तेलरंगात, जीभ बाहेर आणि तीवर ब्रशचं टोक. सदूने मातीचे दोन हात घडवले होते, बोटांत कुंचला धरलेले. दाऊदभाईंनी बांबूच्या कामट्यांची आणि पांढऱ्या कागदाची मोठी छत्री केली होती, आत अभ्रकाच्या चांदण्या. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. आधी पडद्यापाशी नेलं आणि म्हटलं, हा मी धुतला.

सदूने कापडावरून हात फिरवला आणि बोटांना काही लागतंय का ते बघितलं. काशिनाथचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, रंग सोबत आहेत, तीन दिवस आहेत, तिघं मिळून पुन्हा उभा करू. दाऊदभाई मान हलवत होते. वयाने ते सगळ्यांत मोठे.

"आपण रंगवला तर तो आपला होईल, बेटा. त्यांचा नाय होणार," ते म्हणाले. "आणि रंगवणार काय? तू मुंबईला होतास, हा पेणला. मी जत्रेत एक डाव बघितला, तो पण मागे उभा राहून. तो पडदा बघितलाय फक्त ह्या गणिताच्या मास्तरसाबनी."

मग त्यांनीच ठरवलं. पडदा आहे तसाच मधल्या भिंतीवर लावायचा, आणि मी त्याच्याजवळ उभं राहून, त्यावर काय होतं ते येणाऱ्याला सांगायचं. मी म्हटलं, मला चित्रातलं काही कळत नाही. काशिनाथ म्हणाला, कळायचं राहू द्या सर, दिसलं काय ते सांगा. त्याच्या आवाजात राग होता आणि तो मला बरा वाटला.

प्रदर्शन दोन दिवस होतं. पहिल्या दिवशी हेडमास्तर आले, त्या रेघा बघून म्हणाले, हे काय, आलेखाचा कागद? मी पट्टी घेऊन उभा होतो. सुरुवातीला माझी जीभच उचलत नव्हती. मग चौकोन मोजायला लागलो आणि जमलं. वरून तिसरी ओळ, डावीकडून सहावं घर, इथून कोर्लईचा डोंगर सुरू. त्याचा खालचा भाग त्यांनी काढलाच नव्हता, नुसतं धुकं सोडलं होतं, आणि तरी डोंगर पाण्यात उभा आहे असं वाटायचं. इथे बोटीचा धूर. तो काळा नव्हता, उन्हामुळे तांबूस झालेला होता. इथे सामानावर झोपलेलं पोर, त्याची एक वहाण सुटून पडलेली. इथे चौलचे व्यापारी, ट्रंकेवर बसलेले, हातात तसबीची माळ. संध्याकाळपर्यंत मला एकेक घर दिसायला लागलं. सात वर्षांत ज्याची आठवण काढली नव्हती ते सगळं कुठे साठून राहिलं होतं कोण जाणे. लोक ऐकायचे, थोडा वेळ त्या जांभळ्या चौकोनांकडे बघायचे आणि हळू आवाजात बोलत बाहेर जायचे.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर चांगुणा आली. कोळीवाड्यातली, आम्हा दोघांनाही वर्षानुवर्षं मासळी घालणारी. मी घासाघीस करायचो, मास्तर कधी करत नसत. बाजार उरकून तशीच आली होती. रिकामी पाटी तिने दाराबाहेर ठेवली, पदराला हात पुसले आणि आत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. जत्रेच्या साली तिच्याकडे सुतक होतं, म्हणून नाटकाला ती आलेली नव्हती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की पडद्यात तीही होती. कुठं व्हते मी, तिने विचारलं.

मी तिला दाखवलं. वरून नववी ओळ, डावीकडून पाचवं घर. पाठमोरी. डोक्यावर पाटी, एक हात वर. लुगड्याचा काठ ओला होता आणि ओला भाग त्यांनी नुसता गडद केला नव्हता, पायाला चिकटलेला दाखवला होता. पाटीतून पाणी निथळून मानेवर आलं होतं, तिथे एक बारीक पांढरी रेघ होती, केसाएवढी. बाकी सगळी माणसं बोटीकडे बघत होती आणि तू एकटी वाटेला लागली होतीस, कारण तुला कुणाची वाट बघायची नव्हती, मासळी विकायची होती. तुझ्या पाठीवरून ते कळायचं. पाठीवरून माणूस ओळखता यावं असं मी दुसऱ्या कुणाच्या हातचं पाहिलेलं नाही. मी बोलत गेलो. ती पापणी न हलवता त्या रिकाम्या घराकडे बघत होती. काशिनाथ आणि सदूही जवळ येऊन उभे राहिले होते.

चांगुणाने पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"लय बेस काढलं व्हतं त्यांनी," ती म्हणाली. "मास्तर, ह्ये त्यांना तुमी सांगितलं व्हतं कदी?"

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. नाही, एवढा एक शब्द बोलायला मला फार वेळ लागला.